विश्लेषण : डोळे तपासणाऱ्या तंत्रज्ञाला ‘एआय’ची मदत कितपत?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ आदिवासी गावांत रुग्णाचा डोळा पहिल्यांदा पाहतो तो बहुधा शिबिरातील नेत्रतंत्रज्ञ. नेत्रतज्ज्ञ गाठायचा तर नारायणगाव, मंचर किंवा थेट पुणे. हे अंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) कमी होईल का?

सध्या तपासणी कशी होते?

तंत्रज्ञ नजर तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, मोतीबिंदूचे रुग्ण निवडून शस्त्रक्रियेसाठी पाठवतो. या भागात ही घडी बसवण्यात नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. त्यामागचे डॉ. मनोहर डोळे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. पिकलेला मोतीबिंदू बॅटरीच्या उजेडातही दिसतो. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारा परिणाम मात्र बाहेरून दिसत नाही आणि सुरुवातीला रुग्णाची काही तक्रारही नसते. नजर कमी झाल्यावर उपचार सुरू केले, तर गेलेली दृष्टी बरेचदा परत येत नाही.

एआय नेमके काय करते?

फंडस कॅमेऱ्याने दृष्टिपटलाचे छायाचित्र काढले जाते. तज्ज्ञांनी आधी तपासलेल्या हजारो छायाचित्रांवरून शिकलेली प्रणाली त्यातील रक्तस्रावाचे ठिपके, सूज यांसारख्या खुणा शोधते आणि ‘तज्ज्ञाकडे पाठवा’ किंवा ‘आता गरज नाही’ असे सांगते. अमेरिकेत अशा स्वयंचलित प्रणालीला एप्रिल २०१८मध्ये पहिली मंजुरी मिळाली.

महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो?

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवर, इंटरनेटशिवाय चालणारी प्रणाली वापरून पाहण्यात आली. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१३ मधुमेहींची छायाचित्रे तपासली गेली. ती नेत्रतज्ज्ञांनी नव्हे, आरोग्य कर्मचाऱ्याने काढली होती. तज्ज्ञाकडे पाठवण्याची गरज असलेला एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. गरज नसलेल्यांपैकी मात्र शंभरात सुमारे बारा जणांना तिने ‘पाठवा’ म्हटले. अभ्यास लहान होता. पण मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरातील गावांसाठी इंटरनेटची गरज नसणे महत्त्वाचे. मुंबईत विनाकारण फेरी म्हणजे लोकलचे तिकीट. भातलावणीच्या दिवसांत आहुप्याहून मंचरला जाणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोजगार.

अडचण कुठे येते?

थायलंडमधील दवाखान्यांत ‘गुगल’ची प्रणाली वापरली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतील १८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के ‘तपासण्यायोग्य नाहीत’ म्हणून नाकारली गेली. खोलीत पुरेसा अंधार नसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण. शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात भरणाऱ्या शिबिरात हेच घडू शकते. शिवाय वृद्धाला मोतीबिंदू असेल, तर त्यामुळेही छायाचित्र धूसर येते. अशा वेळी ‘छायाचित्र अस्पष्ट’ याचा अर्थ ‘डोळा ठीक’ असा होत नाही. त्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायचे, हे तंत्रज्ञालाच ठरवावे लागते.

दुसरा धोका अधिक मोठा. केवळ मधुमेही दृष्टिपटलविकार ओळखायला शिकलेली प्रणाली काचबिंदूबद्दल काही सांगत नाही. भाताचे किंवा उसाचे पाते लागून बुबुळावर झालेली जखमही तिच्या कक्षेत येत नाही. ‘दोष नाही’ असा निकाल म्हणजे एका आजाराची खूण दिसली नाही, एवढेच.

मग उपयोग कधी होईल?

निकाल रुग्ण समोर बसलेला असतानाच मिळतो, हा खरा फायदा. तंत्रज्ञ छायाचित्र दाखवून कुटुंबाला समजावू शकतो, त्याच दिवशीच्या गाडीत जागा ठेवू शकतो. न आलेल्यांची यादी आशा सेविकेकडे देता येते. मात्र, पुढे लेझर किंवा इंजेक्शनची सोय नसेल, तर आजार लवकर कळूनही रुग्णाची नजर वाचणार नाही. त्यामुळे यंत्र घेताना ते किती अचूक, एवढेच विचारून भागणार नाही; ‘पाठवा’ म्हटलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष उपचारापर्यंत पोहोचले, याची नोंदही ठेवावी लागेल.