आंतरजालाचे व्यसन आणि व्यसनकारक रचनेची नीतिमीमांसा

बीजसंज्ञा : आंतरजाल-व्यसन, अवधान, अनियमित प्रबलन, स्वायत्तता, रचनाकाराचे दायित्व

प्रस्तावना

व्यसनाचा विचार भारतीय परंपरेस नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या आहारी गेलेल्या जुगाऱ्याचा विलाप आढळतो. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्यपान यांची कामज व्यसनांत गणना केली आहे. मात्र त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणातील द्यूतविषयक प्रकरण येथे अधिक उद्बोधक ठरते. जुगार द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली एकाच ठिकाणी चालावा, फासे व कवड्या निर्दोष असाव्यात आणि त्या बदलणाऱ्यास १२ पणांचा दंड व्हावा, अशी व्यवस्था तेथे सांगितली आहे. गुप्तपणे उपजीविका करणाऱ्यांचा शोध लागावा हाही तिचा एक हेतू होता, हे खरे. तथापि खेळणाऱ्याच्या मनोदौर्बल्याबरोबरच खेळाच्या साधनांकडेही शासनाची दृष्टी गेली होती, ही बाब उपेक्षणीय नाही.

आंतरजालाच्या व्यसनाविषयी महाविद्यालयीन वर्तुळात होणारी चर्चा बहुधा पहिल्याच मुद्द्यापाशी थांबते. विद्यार्थ्यांना संयम उरलेला नाही, हा तिचा ठरलेला सूर असतो. प्रस्तुत लेखात दुसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे फासे घडविणाऱ्याच्या दायित्वाचा विचार केला आहे.

संज्ञेची वाटचाल

‘आंतरजाल-व्यसन विकृती’ ही संज्ञा १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथील मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी वापरली ती विडंबन म्हणून. प्रत्येक सवयीला रोगाचे नाव देण्याच्या प्रवृत्तीची थट्टा त्यांना करावयाची होती. पुढच्याच वर्षी किम्बर्ली यंग यांनी या विषयावरील अभ्यास गांभीर्याने मांडला आणि १९९८ च्या सुमारास २० प्रश्नांची चाचणी तयार केली. आजही अनेक शोधप्रबंधांत ती जशीच्या तशी वापरली जाते.

वैद्यकीय मान्यता मात्र मर्यादितच राहिली. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या नियमावलीत २०१३ मध्ये केवळ आंतरजालावरील खेळांच्या विकृतीचा, तोही अधिक संशोधनाची गरज असलेल्या विभागात, समावेश झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान मिळाले व ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. नियंत्रण सुटणे, खेळाला अन्य सर्व गोष्टींहून अग्रक्रम मिळणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही तो चालूच राहणे, ही स्थिती साधारणतः १२ महिने आढळावी, अशी तेथील अपेक्षा आहे. म्हणून वर्गात भ्रमणध्वनी पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्यसनी ठरविणे शास्त्रसंमत नाही. परंतु निदानास पात्र नसलेल्या व्यक्तीचाही वेळ तिच्या इच्छेविरुद्ध खर्च होऊ शकतो. नैतिक प्रश्न उपस्थित होण्यास एवढे पुरेसे आहे.

रचनेचे तंत्र

या तंत्राचे मूळ वर्तनवादी मानसशास्त्रात आहे. बी. एफ. स्किनर आणि सी. बी. फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने कळीवर चोच मारल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच ते लवकर थांबते. दाणा केव्हा मिळेल याची निश्चिती नसेल, तर ते दीर्घकाळ चोच मारीत राहते. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. नताशा डाउ शूल यांनी लास वेगासमधील यंत्रांचा व खेळाडूंचा अभ्यास करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. अनेक खेळाडू जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. भान हरपलेली ती अवस्था टिकावी, एवढेच त्यांना हवे असते. आसनापासून ध्वनीपर्यंत सर्व मांडणी त्या अवस्थेत खंड पडू नये अशी केलेली असते.

समाजमाध्यमांवर बोट सरकविल्यावर पुढे काय येईल हे असेच अनिश्चित असते. नऊ वेळा निरर्थक मजकूर येतो, दहाव्या वेळी मित्राचे छायाचित्र. येथे अ‍ॅझा रास्किन यांनी २००६ मध्ये विकसित केलेल्या अखंड सरकत्या पानाचा विशेष विचार करावयास हवा. तत्पूर्वी पान संपले की पुढील पानाचा दुवा दाबावा लागे. ते दाबणे क्षुल्लक होते, परंतु ‘आणखी पाहावे काय?’ हा प्रश्न त्या क्षणी मनात उमटण्यास अवकाश होता. वृत्तपत्राचे शेवटचे पान येते, कीर्तन आरतीने संपते, एस. टी. शेवटच्या थांब्यावर थांबते. अखंड पानास असा थांबाच नाही. रास्किन यांनी पुढे या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

असे का केले जाते, याचे उत्तर अर्थकारणात आहे. माहिती विपुल झाली की अवधान दुर्मीळ होते, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता. जाहिरातीवर चालणाऱ्या सेवेला हे दुर्मीळ अवधानच विकावयाचे असते. यूट्यूबने २०१२ मध्ये चित्रफितींची शिफारस करताना किती वेळा पाहिले याऐवजी किती वेळ पाहिले यास महत्त्व दिले, ते याच कारणाने. नीर इयाल यांनी २०१४ मध्ये ‘हूक्ड’ या पुस्तकात सवय लावणाऱ्या रचनेची पद्धतच उद्योजकांसाठी मांडली: संकेत, कृती, अनिश्चित बक्षीस आणि वापरकर्त्याची स्वतःची गुंतवणूक.

रचनाकाराचे दायित्व

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्बळ नाही. मन गुंतविणे हा सर्वच अभिव्यक्तीचा धर्म आहे. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत, तेव्हा वाचक पुढील अंकाची आतुरतेने वाट पाहात. मग हरिभाऊंनाही दोषी धरावे काय? फरक असा की तेथे सर्व वाचकांना एकच प्रकरण मिळे, ते संपे, आणि आठवडाभर वाचक मोकळा असे. आजची यंत्रणा मात्र प्रत्येक वापरकर्त्याच्या वर्तनाची नोंद ठेवून त्याच्या दुर्बलतेनुसार प्रकरण बदलते, आणि ही नोंद त्याला दिसत नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या समोर येणाऱ्या मजकुरातील भावनिक छटा बदलून प्रयोग केला. तो २०१४ मध्ये शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा संबंधितांची स्वतंत्र संमती घेतलेली नव्हती हे सर्वांना कळले. ज्ञानाची ही विषमता हाच नैतिक प्रश्नाचा गाभा होय.

कांटच्या परिभाषेत मनुष्यास केवळ साधन मानणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण ठरते. अधिक व्यवहार्य कसोटी डॅनिएल बर्डिचेव्स्की आणि एरिक नॉयेनश्वांडर यांनी १९९९ मध्ये सुचविली: जे करण्यास आपले स्वतःचे मन वळविले जाणे रचनाकारास मान्य होणार नाही, ते करण्यास त्याने इतरांचे मन वळवू नये. ही कसोटी बी. जे. फॉग यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेच्या परिसरातूनच पुढे आली. अज्ञानाची सबब त्यामुळे टिकत नाही. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये मानवी मनाच्या दुर्बलतेचा जाणीवपूर्वक उपयोग केल्याची कबुली दिली, तीही याच अनुषंगाने पाहावी लागते.

नियमनाच्या दिशा

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन खेळ बंद केले. तो कायदा २०२२ च्या आरंभी संपुष्टात आला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या खेळावर आठवड्यातील मोजक्या तासांची मर्यादा घातली. हे उपाय वापरकर्त्यास बांधतात. युरोपीय संघाचा मार्ग वेगळा आहे. चित्रफिती पाहण्यासाठी गुण देणारी ‘टिकटॉक लाइट’मधील योजना आयोगाच्या कारवाईनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने युरोपात कायमची मागे घेतली. तेथे बोट रचनेवर ठेवले गेले.

भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत, परंतु ते मुख्यतः ग्राहकाच्या पैशाशी निगडित आहेत. अखंड पान किंवा आपोआप सुरू होणारी चित्रफीत त्यांत नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदाही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालतो. वेळेच्या हानीस आपल्या कायद्यात अद्याप नाव मिळालेले नाही. उपचारांच्या बाजूने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये योजलेला उपाय या संदर्भात विशेष अर्थपूर्ण वाटतो. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बाजूला ठेवण्याचा ग्रामस्थांचा संकेत सुरू होतो. रचनेने जो थांबा काढून घेतला, तो गावाने बाहेरून बसविला.

महाविद्यालयांची स्थिती मात्र काहीशी विसंगत आहे. एकीकडे भ्रमणध्वनीच्या दुष्परिणामांवर व्याख्याने आयोजित होतात. दुसरीकडे वेळापत्रकातील बदल, अंतर्गत मूल्यमापनाच्या सूचना, एवढेच काय त्या व्याख्यानाचे निमंत्रणही व्हॉट्सअ‍ॅप समूहावरच दिले जाते, बऱ्याचदा रात्री दहानंतर. सूचना पाहण्यासाठी उघडलेल्या उपकरणावर अन्य दहा संकेत वाट पाहात असतात. या सूचना ठरावीक वेळी, फलकावर आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर देण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.