यवनांचे खांब आणि आपली कमान

मेहकर परिसरातून दरवर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी त्या घुमटाखाली उभे राहून वर पाहिले असेल. ज्या सांचीच्या स्तूपावरून त्याचे रूप घेतले, तो आतून भरीव आहे. त्याला प्रदक्षिणा घालता येते, आत जाता येत नाही. २००१ मध्ये खुला झालेला नागपूरचा स्तूप मात्र पोकळ आहे. घुमटाखालची प्रशस्त जागा मोकळी ठेवण्याची ही विद्या प्राचीन जगात रोमनांनी पराकोटीला नेली. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट इ.स. १२५ च्या आसपासचा आहे. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचे ते काँक्रीट, त्यात लोखंडी सळई नाही. वर जाताना भिंतीची जाडी कमी केली, दगड हलका वापरला आणि शिखरावर गोल झरोका उघडाच ठेवला. तो घुमट आजही उभा आहे.

यावरून कोणी म्हणेल, मग आपल्या लेण्यांच्या कमानीही तिकडूनच आल्या. असे म्हणणारी पुस्तके आम्हीही वाचली आहेत. परंतु कार्ले येथे जाऊन छताकडे पाहावे. चैत्यगृहाच्या अर्धगोल छताला सागवानी फासळ्या बसविल्या आहेत. अखंड कातळाला त्यांच्या आधाराची काहीच गरज नव्हती. कारागिरांनी आधीच्या लाकडी सभागृहांचे रूप दगडात उतरविले, एवढाच त्यांचा अर्थ. रोमन कमान एकमेकांत अडकलेल्या दगडांवर भार तोलते. चैत्यकमान भार तोलत नाही, ती कोरलेली आहे. दिसण्यात साम्य आहे, घडणीत नाही.

तेथील काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. दाते परदेशी वंशाचे, पण खांबांना घटाकृती तळ आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी! देणाऱ्यांनी आपली शैली लादली नाही, हे आम्हांस विशेष वाटते. गांधारात मात्र बुद्धमूर्तीच्या चीवराला रोमन वस्त्रासारख्या जड चुण्या पडल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या सागरदेवाची कांस्यमूर्ती सापडली. तेर येथे रोमन नाण्यांच्या नकला मातीत घडवून गळ्यात घालीत.

वाहतूक दुतर्फा होती. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. तिच्यावर खरोष्ठी अक्षर असल्याने ती वायव्येच्या मार्गाने गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तथापि त्याच धाटणीचे हस्तिदंती काम तेरला मिळाले, आणि आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उपासकांची नावे सांचीच्या स्तूपावर दाते म्हणून कोरलेली आहेत.