पडघ्याच्या रोहित्रांची राखण

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या पडघ्याला बाहेरचे लोक गोदामांसाठी ओळखतात. पण विजेच्या नकाशावर हे गाव फार मोठं आहे. चंद्रपूरहून एकदिश प्रवाहाची ५०० किलोव्होल्टची वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर अंतर कापून इथे येते. इथे ती वीज पुन्हा प्रत्यावर्ती होते आणि पुढे जाते. क्षमता १,५०० मेगावॉट. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी आकाशातून काहीही आलं नव्हतं.

युक्रेनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून नेमकी अशीच उपकेंद्रं ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी फोडली जात आहेत. आपल्याकडेही ८-९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडले, असं लष्कराने सांगितलं.

ड्रोन पाडण्यातली खरी अडचण पैशांची आहे. युक्रेनवर सोडलं जाणारं शाहेद ड्रोन वीस ते पन्नास हजार डॉलरमध्ये होतं. ते पाडायला सोडलेलं पेट्रियट हे हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र चाळीस लाख डॉलरच्या घरात जातं. असा हिशेब किती दिवस परवडेल? म्हणून नागपूरच्या सोलर समूहाचं ‘भार्गवास्त्र’ हे ड्रोनविरोधी अस्त्र मला महत्त्वाचं वाटतं. १३ मे २०२५ रोजी ओडिशातल्या गोपाळपूरला त्याची चाचणी झाली. रडार ड्रोनला सहा ते दहा किलोमीटरवरून हेरतं, मग अडीच किलोमीटरच्या टप्प्यात छोटी, स्वस्त रॉकेटं सुटतात. एका रॉकेटचा मारा वीस मीटर त्रिज्येतलं ड्रोन निकामी करतो. रेडिओ लहरी जाम करून ड्रोन भरकटवणं आणखी स्वस्त पडतं. पण बारीक ऑप्टिकल फायबर मागे सोडत, त्यातूनच आदेश घेत उडणाऱ्या ड्रोनपुढे जॅमर हतबल ठरतो.

तरीही काही ड्रोन निसटतातच. म्हणून युक्रेनने उपकेंद्रांतल्या रोहित्रांभोवती (ट्रान्सफॉर्मरभोवती), आपल्याकडे घाटात दरड अडवायला रचतात तशा, तारेच्या जाळीत दगड भरलेल्या भिंती उभ्या केल्या, काहींवर काँक्रीटचं कवच घातलं. थेट आदळणाऱ्या मोठ्या क्षेपणास्त्रापुढे त्या टिकत नाहीत; उडणाऱ्या तुकड्यांपासून मात्र वाचवतात. हे मोलाचं आहे, कारण अशा उपकेंद्रातलं मोठं रोहित्र बाजारात तयार मिळत नाही. ते खास बनवून घ्यावं लागतं आणि त्यात कित्येक महिने जातात.

भिंती आणि राखीव रोहित्रं ही कामं शांततेच्या काळातच होऊ शकतात. पडघ्यासारख्या केंद्रांसाठी ऊर्जा खात्याने त्यांची तरतूद आजच करायला हवी.