केसाळ मुळे : जनुक संपादनाची पहिली परीक्षा

सोयाबीनसारख्या शेंगवर्गीय पिकात जनुक संपादन करताना सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. संपादित पेशीपासून ऊतिसंवर्धनाने पूर्ण रोप तयार होण्यास अनेक महिने लागतात आणि यशाचे प्रमाणही अल्प असते. वापरलेला संपादन-संचच निष्प्रभ असल्याचे अखेरीस लक्षात आले, तर सर्व श्रम वाया जातात. म्हणून त्या संचाची चाचणी आधी मुळांवर घेतली जाते.

परीक्षा कशी होते?

क्रिस्पर-कॅस ९ तंत्रात सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए डीएनएवरील नेमकी जागा शोधतो आणि कॅस ९ हे विकर तेथे छेद देते. हा छेद सांधताना पेशीकडून काही अक्षरे गळतात किंवा वाढतात व जनुकाचे कार्य बदलते.

हा संच मुळांत पोहोचवण्यासाठी ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स हा जमिनीतील जिवाणू वापरतात. बीजप्रक्रियेतील रायझोबियमचा हा जवळचा नातलग असून, नव्या वर्गीकरणात तो रायझोबियममध्येच गणला जातो. कोवळ्या खोडाला जखम करून तेथे हा जिवाणू लावल्यास तो आपल्या डीएनएचा काही भाग वनस्पतीच्या पेशीत सोडतो. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी केसाळ मुळे फुटतात. प्रत्येक मूळ सहसा एकाच पेशीपासून वाढत असल्याने ते स्वतंत्र प्रयोग ठरते.

कार्यक्षमता कशी वाढते?

• मार्गदर्शकाची निवड : एकाच जनुकासाठी अनेक मार्गदर्शक मुळांवर तपासून सर्वांत प्रभावी मार्गदर्शक पुढे नेला जातो.
• प्रवर्तक : सोयाबीनमध्ये परक्या वनस्पतीऐवजी सोयाबीनचाच यू६ प्रवर्तक वापरल्यास संपादनाचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे.
• तापमान : कॅस ९ उष्ण तापमानात अधिक जोमाने कार्य करते. ॲरॅबिडोप्सिस या प्रायोगिक वनस्पतीला ठरावीक काळ ३७ अंश सेल्सिअस तापमान दिल्यावर संपादन वाढले.
• रंगाची खूण : बीटातील लाल रंगद्रव्य तयार करणारी जनुके संचासोबत जोडल्यास, संच पोहोचलेली मुळे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. प्रत्यक्ष संपादनाची खात्री मात्र डीएनए क्रमनिर्धारणानेच होते.

शेतकऱ्यांना काय सांगावे?

अशा रोपाचे केवळ मूळ संपादित असते. खोड, फूल व शेंग पूर्वीचीच राहते. त्यामुळे हा बदल बियाण्यात उतरत नाही. शिवाय जिवाणूच्या जनुकांमुळे या मुळांची वाढ नैसर्गिक मुळांहून वेगळी होते. त्यांच्यावरून दुष्काळ किंवा क्षार सहनशीलतेचा अंतिम निष्कर्ष काढता येत नाही.

प्रयोगशाळेतील मूळ आणि शेतातील वाण यांत मोठे अंतर आहे. भारतात ४ मे २०२५ रोजी जाहीर झालेली ‘डीआरआर धान १०० (कमला)’ व ‘पुसा डीएसटी राईस १’ ही भाताची जनुक संपादित वाणे पिढ्यान्‌पिढ्यांची निवड व क्षेत्रीय चाचण्या यांतून पुढे आली. ३० मार्च २०२२ च्या केंद्रीय आदेशाने काही जैवसुरक्षा नियमांतून दिलेली सूटही अंतिम रोपात परका डीएनए नसेल तरच मिळते; केसाळ मुळांत तो असतोच.

म्हणून ‘जनुक संपादित’ म्हणून कोणी सोयाबीन बियाणे देऊ केल्यास ते वाण कोणत्या संस्थेने, केव्हा प्रसारित केले, हे प्रथम विचारावे. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्यावर पैसे खर्च करू नयेत.