सव्वा महिन्याची राखण

डांग्या खोकला हे नाव आमच्या पिढीने लहानपणी पुष्कळ ऐकले. आमच्या मोहल्ल्यात त्याला 'काली खाँसी' म्हणत. पोर खोकता खोकता लाल व्हायचे, श्वास आत ओढताना 'हूऽप' असा आवाज यायचा, शेवटी उलटी व्हायची आणि पोर गळून जायचे. तो आवाज आला की जुन्या बायका भिंतीपलीकडूनही रोग ओळखत. पुढे त्रिगुणी लस आली आणि हे नाव घराघरांतून मागे पडले. मागे पडले खरे, पण रोग गेलेला नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.पर्यंत शिकलो, वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच. पण आमच्या पनवेलमधल्या एका बालरोगतज्ज्ञांशी बोलताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मनात राहिली. अगदी तान्ह्या बाळाला डांग्या खोकला होतो तेव्हा तो ओळखीचा आवाज बहुधा येतच नाही. तेवढा श्वास जोराने ओढण्याची ताकदच त्या जिवात नसते. थोडी सर्दी, दूध ओढायचा कंटाळा, आणि मग एकाएकी श्वास थांबतो. ओठ निळे पडतात. म्हणजे ज्या आवाजावरून आपण रोग ओळखायचा, तो सर्वांत नाजूक रुग्णाकडून ऐकूच येत नाही.

या रोगाचा जंतू बेल्जियममधल्या ज्यूल बॉर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू या शास्त्रज्ञांनी १९०६ साली वेगळा काढला. आपल्या श्वासनलिकेत आतून बारीक केसांसारखी लव असते. ती हलत राहते आणि कफ वर ढकलते. हा जंतू त्या लवेला चिकटतो, तिला निकामी करतो. कफ आत साचतो आणि तो काढण्यासाठी खोकल्याची उबळ येते. जंतूचे विष रक्तातही उतरते. त्यामुळे पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडत नाहीत, त्यांची गर्दी होते. एरवी हजारांत मोजायच्या या पेशी काही बाळांत लाखाच्या घरात जातात. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या त्यांनी तुंबतात, हृदयावर ताण येतो आणि मग अतिदक्षता विभागातही डॉक्टरांचे हात तोकडे पडतात. म्हणूनच अशा बाळाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करतात. पेशी भराभर वाढत असतील तर तो धोक्याचा इशारा असतो.

कोणत्या बाळाला धोका जास्त? पहिले उत्तर वयाचे. दोन-तीन महिन्यांच्या आतले बाळ सर्वांत जास्त धोक्यात. दुसरे, दिवस भरण्याआधी जन्मलेले. आईच्या रक्तातली संरक्षक द्रव्ये बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अपुरी राहते. तिसरे, कमी वजनाचे. आणि चौथे, ज्याला अजून लस मिळालेली नाही असे.

आता हिशेब पाहा. आपल्याकडे या रोगाची पहिली लस मिळते दीड महिन्याला, म्हणजे सहा आठवड्यांनी. पुढच्या मात्रा दहा आणि चौदा आठवड्यांना. जन्मापासून पहिल्या सुईपर्यंतचे ४२ दिवस बाळ उघडे असते. आपल्या जुन्या बायकांनी बाळंतिणीला सव्वा महिना घरात ठेवले, आमच्याकडे चाळीस दिवस पाळले. त्यांना जंतू माहीत नव्हता, पण राखणीचा काळ त्यांनी जवळपास नेमका धरला होता.

फक्त राखण दाराबाहेरच्यांपासून झाली. हा रोग बाळाला बहुतेक वेळा घरातलेच देतात. आई, बाप, शाळेत जाणारा दादा, आजी. लहानपणी घेतलेल्या लसीचा, इतकेच काय झालेल्या रोगाचाही प्रभाव काही वर्षांनी ओसरतो. मोठ्या माणसाला मग तीन-चार आठवडे रेंगाळणारा नुसता खोकला होतो. धुळीचा असेल म्हणून तो लोकलने कामाला जातो आणि संध्याकाळी येऊन बाळाला छातीशी घेतो. आपले विधीही असे, की माणसाचे तोंड बाळाच्या कानाशी जाते. बारशाला आत्या 'कुर्र' करते. आमच्याकडे जन्मल्यावर कानात अज़ान देतात. हे विधी व्हावेतच. ज्याला खोकला आहे त्याने मात्र तो मान दुसऱ्याला द्यावा, एवढेच मागणे आहे.

या ४२ दिवसांवर वैद्यकानेही उपाय काढला आहे. गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत आईला 'टीडॅप' लस दिली, तर तिची शिदोरी बाळ बरोबर घेऊन येते. इंग्लंडमध्ये २०१२ साली साथीत तान्ही बाळे दगावू लागली, तेव्हा त्यांनी हे सुरू केले; लस घेतलेल्या मातांच्या बाळांना सुमारे नव्वद टक्के संरक्षण मिळाले. आपल्याकडे सरकारी केंद्रात गरोदर बाईला मिळणारे 'टीडी' इंजेक्शन धनुर्वात आणि घटसर्पासाठी असते. डांग्या खोकल्याचा भाग त्यात नाही. टीडॅप खासगी दवाखान्यात पैसे मोजून मिळते. बालरोगतज्ज्ञांची संघटना प्रत्येक गरोदरपणात ती घ्या म्हणते. आपल्या डॉक्टरांना विचारावे. ज्याला परवडत नाही त्याच्या बाळाचे काय, हा प्रश्न मात्र आपण सर्वांनी मिळून सरकारला विचारायचा आहे.

पनवेल तालुक्यात तो विचारणे अधिकच गरजेचे. दिवाळीनंतर वाड्यांवरची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर जन्मलेल्या बाळाचे दहा आणि चौदा आठवडे कोण मोजणार? अशा मायबहिणींना एकच सांगावे: लसीचे कार्ड सोबत ठेवा. पुढची मात्रा दुसऱ्या गावच्या सरकारी केंद्रातही मिळते. चुकली असेल तरी जा, परत पाठवत नाहीत.

लसीने ताप येतो म्हणून काही जण टाळतात. ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. जपानमध्ये १९७५ साली अशाच भीतीने लसीकरण ढेपाळले. १९७४ साली तिथे ३९३ रुग्ण होते, मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली १३ हजारांवर रुग्ण झाले आणि ४१ जण दगावले.

शेवटी एवढे लक्षात ठेवू या. तान्हे बाळ दूध सोडू लागले, खोकताना निळे-काळे पडले, श्वास मध्येच थांबला, तर घुटी, चाटण, दृष्ट काढणे यांत वेळ घालवू नये. रात्र असली तरी इस्पितळ गाठावे आणि घरात कोणाला खोकला आहे तेही डॉक्टरांना आपणहून सांगावे. औषध लवकर सुरू झाले तर उपयोग होतो. उबळी सुरू झाल्यावर त्याने खोकला लगेच थांबत नाही, पण घरातल्या इतरांना होणारी लागण टळते. आणि ज्या घरात पाळणा हलणार आहे, तिथल्या खोकणाऱ्या मोठ्या माणसाने आधी स्वतःला तपासून घ्यावे.