पहिल्या चोवीस तासांतली सुई

दोन जिवांच्या बाईला ओकाऱ्या होतात, थकवा येतो, उजव्या बरगडीखाली दुखते. घरच्या मोठ्या बाया म्हणतात, "होतंच असं." बहुतेक वेळा ते खरेच असते. पण क्वचित या लक्षणांमागे यकृताचा कॅन्सर लपलेला असतो. गरोदरपणी हा रोग फार विरळा, म्हणूनच उशिरा कळतो. त्याचा सुगावा देणारा रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हा घटक या दिवसांत आपोआपच वाढलेला असतो. दुखणे हटत नसेल तर यकृताची सोनोग्राफी करावी. तिने बाळाला अपाय होत नाही.

आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. पण या रोगाचे एक मोठे मूळ आपल्या हातातले आहे, म्हणून लिहितो. ते म्हणजे हिपॅटायटिस बी. बाळंतपणात हा विषाणू आईकडून बाळाला लागतो. मोठ्या माणसाचे शरीर बहुधा त्याला हुसकून लावते. तान्ह्या बाळाला लागला तर दहांतल्या नऊ जणांत तो मुक्कामच ठोकतो. पोर खेळते, शाळेत जाते. पुढे ऐन कर्त्या वयात यकृत निकामी होऊ शकते किंवा कॅन्सर होऊ शकतो. तेव्हा आपण काविळीची माळ घालत बसतो!

उपाय आहे लसीची सुई. पहिली जन्मापासून २४ तासांत, मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस सुरू केली आणि तिथल्या मुलांतला यकृताचा कॅन्सर घटला. आपल्याकडे २००२ मध्ये मोजक्या ठिकाणी आली, २०११ नंतर देशभर पसरली.

घोडे अडते ते चोवीस तासांवर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. घरीच बाळंत झाली तर वेळेत सुई कशी मिळणार? त्यासाठी आरोग्य केंद्राजवळ माहेरघराची सोय केली गेली. तारखेआधी जाऊन राहावे. नेमकी रोवणी त्याच दिवसांत, हे आम्ही जाणतो. तरी लेकीला पाठवा.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका घरी सुनेच्या रक्तात हा विषाणू निघाला. तिचे ताट वेगळे झाले, बाळ अंगावरून काढले. ताट वेगळे करणे म्हणजे काय, हे आपल्या माणसांना सांगावे लागावे! आम्ही दोनदा गेलो. एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही. बाळाला सुई दिली असेल तर आईने दूध पाजावे. विषाणू फार असेल तर गरोदरपणीच गोळ्या देतात. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध मोफत आहे. ताट पुन्हा एक झाले. नवऱ्यालाही तपासणी करायला सांगितले होते. तो अजून गेलेला नाही.