पुन्हा उठलं, पण वाढलं नाही

लेखमाला : आडपडदा न ठेवता
लेखांक सहावा

जननेंद्रियाच्या हर्पीसचा पहिला झटका कसा असतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. ताप, जांघेत गाठी, लघवीच्या वेळी डोळ्यांत पाणी आणणारी आग आणि दोन-तीन आठवडे चिघळत राहणारे व्रण. ते दिवस सरतात. व्रण भरतात, माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मग महिन्या-दीड महिन्यानं त्याच भागात पुन्हा चुरचुर सुरू होते.

त्वचा व गुप्तरोगाच्या ओपीडीत अशा वेळी आलेला रुग्ण दार नीट लागलंय ना ते आधी पाहतो. मग हळूच विचारतो, "डॉक्टर, कोर्स तर पुरा केला होता. मग परत कसं आलं? आता हे वाढतच जाणार का?"

आजचा लेख या प्रश्नासाठी आहे. हर्पीस परत येणं आणि हर्पीस वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मनात पक्कं बसलं तर या आजाराची निम्मी दहशत संपते. उरलेल्या निम्म्यासाठी औषधं आहेत आणि ती चांगली आहेत.

विषाणू जातो कुठे?

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार आहेत. दोन्हींमुळे जननेंद्रियाचा हर्पीस होऊ शकतो. त्वचेतून आत शिरलेला विषाणू मज्जातंतूच्या वाटेनं वर सरकतो आणि माकडहाडाच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त होऊन राहतो. तिथून त्याला कायमचं हुसकावणारं औषध आज उपलब्ध नाही. अधूनमधून तो जागा होतो, त्याच मज्जातंतूंवरून खाली येतो आणि त्वचेवर पुळ्या उठतात.

या गाठींमधले मज्जातंतू जननेंद्रियापुरतेच नसतात. गुदद्वाराभोवतीची जागा, नितंब, मांडीचा मागचा भाग इथेही ते पोहोचतात. म्हणून पहिल्यांदा जननेंद्रियावर उठलेला हर्पीस पुढच्या खेपेला नितंबावर दिसू शकतो. तो अंगभर पसरत चाललाय, असा त्याचा अर्थ नाही. नितंबावरच्या अशा पुळ्यांना पुष्कळदा नागीण समजलं जातं. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. एकाच जागी दर दोन-तीन महिन्यांनी "नागीण" उठत असेल, तर डॉक्टरांना हर्पीसची तपासणी करायला सांगा.

औषधाचं कामही इथेच समजून घ्यायला हवं. असायक्लोव्हिर हे औषध १९७० च्या दशकात गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आलं. औषधनिर्मितीतल्या मूलभूत कामासाठी एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. असायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर लगेच कामाला लागत नाही. जागा झालेला विषाणू पेशीत स्वतःचं एक विकर तयार करतो आणि ते विकरच या औषधाला कार्यक्षम करतं. त्यामुळे औषधाचा मारा विषाणू वाढत असलेल्या पेशींवर होतो आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. सुप्त विषाणू हे विकर बनवत नाही, म्हणून औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कोर्स पुरा करूनही हर्पीस परत आला, तर औषध वाया गेलं असं समजू नका. त्या खेपेचं काम त्यानं केलेलं असतं.

किती वेळा येणार?

ते बरंचसं प्रकारावर ठरतं. पहिला झटका दुसऱ्या प्रकारच्या विषाणूमुळे आला असेल, तर पहिल्या वर्षात दहांतल्या सुमारे नऊ जणांना तो निदान एकदा तरी परत येतो. साधारण चार खेपा होतात, काहींना दहापेक्षा जास्त. पहिल्या प्रकारचा विषाणू जननेंद्रियावर त्या मानानं पुष्कळ सौम्य वागतो. पहिल्या वर्षात सरासरी एखादी खेप होते आणि बऱ्याच जणांना तीही होत नाही.

म्हणून आपला प्रकार कोणता, हे कळणं उपयोगाचं असतं. त्यासाठी पुळी ताजी असताना, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत, तिच्यातला स्राव घेऊन पीसीआर तपासणी करतात. रक्तातली "आयजीएम" तपासणी यासाठी कामाची नाही. तिच्यावरून प्रकारही खात्रीनं कळत नाही आणि लागण नवी की जुनी तेही कळत नाही. तरीही "टॉर्च" तपासणीतला तेवढाच एक आकडा पाहून घाबरलेली जोडपी आमच्याकडे येत असतात.

पुढच्या खेपा पहिल्या झटक्यासारख्या नसतात. ताप बहुधा येत नाही. पुळ्या थोड्या आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला उठतात आणि आठवडा-दहा दिवसांत भरतात. बहुतेकांच्या बाबतीत वर्षं जातात तशा खेपा विरळ होत जातात. एखादं वर्ष मध्येच वाईट जातं, पण एकंदर कल उताराचा असतो.

चाहूल ओळखा

पुळी दिसण्याआधी काही तास ते एक-दोन दिवस शरीर इशारा देतं. कुणाला ठरावीक जागी मुंग्या येतात, कुणाला खाज सुटते, कुणाच्या नितंबातून मांडीकडे कळ जाते. ही चाहूल प्रत्येकाची वेगळी, पण त्या माणसापुरती बरीचशी ठरलेली असते.

माझ्या एक रुग्ण बाई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहीत. चाहूल लागली की त्याच चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं आणि पुळी उठली तर टिंबाला गोल करायचा, असं त्यांनी ठरवलं. घरात कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. काही महिन्यांनी त्या पानं घेऊन आल्या. गोल केलेली टिंबं बहुतेक पाळीच्या आधीच्या दिवसांत होती, एक तापाच्या आठवड्यात. आणि बरीच टिंबं नुसतीच होती, म्हणजे मुंग्या आल्या पण पुढे काहीच उठलं नाही. टिंबं पाहता पाहता बाई म्हणाल्या, "मला वाटायचं, महिनाभर मी आजारीच असते."

ताप, पाळी, त्या जागी होणारं घर्षण, बराच काळ चाललेला ताण, अपुरी झोप अशी निमित्तं रुग्ण सांगतात. बऱ्याच खेपांना मात्र काहीच निमित्त सापडत नाही. ते शोधत बसून स्वतःला दोष देऊ नका. "अंगात उष्णता वाढली" म्हणून शेंगदाणे, वांगं, आंबट असं एकेक ताटातून काढून टाकणारेही भेटतात. अशा पथ्यानं खेपा कमी होतात, असा ठोस पुरावा नाही. आधीच धास्तावलेल्या माणसाचं जेवण तरी सुखाचं असू द्या.

औषधाच्या दोन वाटा

खेपा कमी असतील, तर उठेल तेव्हा औषध घ्यायचं. इथे सगळा खेळ वेळेचा आहे. विषाणू वाढत असतानाच औषध लागू पडतं, म्हणून चाहूल लागताच किंवा पुळी दिसल्यापासून एका दिवसाच्या आत पहिली गोळी पोटात जायला हवी. रविवारी दवाखाना बंद, सोमवारी रजा मिळाली नाही, असं होता होता खेप उलटून जाते. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच लिहून घ्या आणि एक कोर्स घरात ठेवा. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दोन दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा तीन दिवस, असे छोटे कोर्स पुरतात. नुसतं असायक्लोव्हिरचं मलम लावून फारसा फायदा होत नाही.

खेपा वारंवार येत असतील किंवा त्यांच्या धास्तीनं जगणं आक्रसलं असेल, तर दुसरी वाट रोजच्या औषधाची. असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर रोज एकदा. यानं खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. रोज औषध घ्यावं लागतंय म्हणजे आजार बळावला, असं मानू नका. वर्षभरानं थांबवून पाहता येतं आणि गरज लागली तर पुन्हा सुरू करता येतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलावी लागते, म्हणून कोणताही कोर्स डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खर्चाची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयांतल्या "सुरक्षा क्लिनिक"मध्ये लैंगिक संसर्गांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

पुळ्या नाहीत, तरी दुखतं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. व्रण भरलेत, कातडी साफ आहे, तरी चुरचुर, जळजळ किंवा टोचणी थांबत नाही. विषाणू आत काम करत असणार असं धरून माणूस गोळ्यांचे कोर्सवर कोर्स घेतो आणि दुखणं तसंच राहतं.

याचं एक कारण मज्जातंतू. विषाणूच्या ये-जा करण्यानं मज्जातंतूचा दाह झाला, तर पुळ्या गेल्यावरही तो काही काळ दुखत राहतो. हे दुखणं बहुतेकदा आपोआप ओसरतं. रेंगाळलंच, तर त्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधं असतात. असायक्लोव्हिर वाढवून ते जात नाही.

दुसरं कारण आपणच लावलेली औषधं. एका तरुणानं पिशवीतून चार ट्यूब काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. त्यांतल्या तीन स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या होत्या, मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. शिवाय तो दिवसातून दोनदा जंतुनाशक द्रावणानं जागा धूत होता. कातडी पातळ, लाल आणि गुळगुळीत झालेली. ट्यूब आणि द्रावण बंद केलं, साधं पाणी आणि पेट्रोलियम जेली एवढंच ठेवलं. काही आठवड्यांत जळजळ थांबली. तिच्याशी हर्पीसचा काही संबंध उरलाच नव्हता.

तिसरं कारण दुसराच आजार. बुरशीच्या संसर्गानं कातडीला बारीक चिरा पडतात आणि त्या हर्पीससारख्या चुरचुरतात. काहींना वेदनाशामक, जुलाबावरची किंवा प्रतिजैविक गोळी घेतली की दर वेळी नेमक्या त्याच जागी लाल-काळपट चट्टा उठतो. ती औषधाची रिॲक्शन असते. पुळी उठण्याआधी कोणती गोळी घेतली होती, हे आठवून डॉक्टरांना जरूर सांगा.

खेप सुरू असताना काळजी साधी घ्यायची. सैल सुती कपडे, कोमट मिठाच्या पाण्यात बसणं, जागा हलक्या हातानं टिपून कोरडी करणं. लघवीला आग होत असेल तर त्याच वेळी वरून पाणी ओतत राहावं. पुळ्या फोडू नयेत. हळद, चुना किंवा पाल्याचा लेप लावू नये.

मनात काय चालतं

रोज रात्री न्हाणीघरात मोबाइलचा टॉर्च लावून तपासणारे रुग्ण मला माहीत आहेत. सतत पाहत राहिलं की प्रत्येक केसाचं मूळ, प्रत्येक घामोळं संशयास्पद वाटतं आणि त्या भीतीनं स्नायू आवळून दुखतं ते वेगळंच. आठवड्यातून एकदा अंघोळीच्या वेळी पाहणं पुरे. चाहूल लागली तर ती आपण होऊन कळतेच.

संशय घर पोखरतो. लागण झाल्यावर पहिली ओळखू येणारी खेप काही वर्षांनीसुद्धा येऊ शकते, कारण अनेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून आज पुळी उठली, तेवढ्यावरून जोडीदारानं फसवलं असा निष्कर्ष काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार, १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये दुसऱ्या प्रकारचा विषाणू आहे. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे, याची कल्पनाही नाही. या विषाणूनं गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही, तो एचपीव्ही या वेगळ्या विषाणूमुळे होतो. हर्पीसमुळे मूल होण्याची क्षमताही जात नाही. हे सगळं कळूनही मन खचलेलंच राहत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

तेव्हा मात्र थांबू नका

लघवी अडली, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, प्रखर डोकेदुखीबरोबर ताप आणि मान आखडली, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. व्रण महिनाभर भरत नसेल किंवा खेपा एकाएकी वाढल्या असतील, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. ती सरकारी केंद्रांत मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. गरोदर असाल तर प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत हर्पीसबद्दल सांगा. शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन बाळंतपणाच्या वेळची खेप टाळता येते.

चाहूल लागल्यापासून व्रण पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळावेत. एरवीही विषाणू त्वचेवर अधूनमधून येत असतो, म्हणून निरोध वापरावा.

या आठवड्यात एवढं करा. पुळी ताजी असताना आपला प्रकार तपासून घ्यायचं ठरवा, एका कोर्सची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून आणा, आणि घरातल्या ट्यूबपैकी ज्यांच्यावर स्टिरॉइडचं नाव आहे त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका. पुढच्या वेळी उठेल तेव्हा काय करायचं ते तुम्हाला माहीत असेल. हा आजार तिथूनच ताब्यात यायला लागतो.

(पुढील लेखांकात : जोडीदाराला कसं आणि कधी सांगावं? लग्न ठरवताना काय बोलावं?)